टेबल टेनिस खेळणाऱ्या मुलांचा स्पर्धेच्या दिवशीचा डबा : काय, किती आणि कधी?

निशिगंध_नेरूळ | रविवार, रात्री १०.४०

नमस्कार. माझी लेक १३ वर्षांची आहे, वजन ३८ किलो. चौथीपासून टीटी खेळते. आठवड्यातले पाच दिवस संध्याकाळी दोन तास प्रॅक्टिस, शिवाय रविवारी सकाळी तीन तास. वर्षभर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा होतेय, म्हणून हा धागा काढतेय.

सकाळचे राउंड ती छान खेळते. संध्याकाळ झाली की मात्र तिचा खेळच बदलतो. मागच्या आठवड्यात ठाण्याच्या स्पर्धेत अंडर-१३ आणि अंडर-१५ अशा दोन्ही कॅटेगरीत नाव होतं. आठला रिपोर्टिंग, म्हणून सव्वासहाला नेरूळहून ट्रेन पकडली. पहिली मॅच साडेनऊला, दुसरी अकराला, तिसरी सव्वाचारला आणि चौथी संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी. शेवटच्या मॅचला समोर जी मुलगी होती, तिला माझ्या लेकीने आधी दोनदा हरवलंय. या वेळी ०-३. तिसऱ्या गेमआधी माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, चेंडू दिसतोय, पण पाय जात नाहीत." ते ऐकल्यापासून मला चैन नाही.

त्या दिवशी तिने काय खाल्लं ते जसंच्या तसं लिहिते. सकाळी टेन्शनमुळे फक्त अर्धा ग्लास दूध. साडेअकराला हॉलच्या कँटीनमध्ये दोन वडापाव. दोन वाजता बाहेर हॉटेलात पनीरची भाजी, बटर रोटी आणि पुलाव. चारची मॅच कशीबशी जिंकली. मग वेफर्सचं पाकीट आणि कोल्ड्रिंक. पाण्याची पाऊण लिटरची एक बाटली दिवसभर पुरली, म्हणजे ती पाणी प्यायलीच नाही. हॉलमधला कूलर बंद होता.

ॲकॅडमीतले सर म्हणतात, प्रोटीन पावडर सुरू करा. पावडरचा डबा तिथेच मिळतो, महिन्याला बरेच पैसे लागतात. एक पालक म्हणाले, ग्लुकोजची पावडर द्या. माझी आई म्हणते, शिरा दे. कोणाचं ऐकू? ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

---

जुना_पेनहोल्डर | रविवार, रात्री ११.२५

निशिगंधताई, मी ठाण्याचाच, नौपाड्यातला. आता साठीला आलोय, पण आठवड्यातून तीन दिवस टेबलावर असतो. खाण्यातलं मला फार कळत नाही, पण तुमच्या पोस्टमधली एक गोष्ट वाचताच खटकली, ती पाण्याची.

आपल्याकडचे बहुतेक हॉल एसी नसलेले असतात. मॅच सुरू झाली की पंखे बंद आणि खिडक्याही बंद, कारण चेंडूचं वजन जेमतेम २.७ ग्रॅम. वाऱ्याची झुळूक आली तरी तो वळतो. आता त्या बंद हॉलमध्ये दोनशे माणसं, आठ-दहा टेबलं आणि ठाण्याची ऑक्टोबरची हवा घ्या. घाम येतो आणि हवेतच इतका दमटपणा असतो की तो वाळत नाही, त्यामुळे अंगही गार होत नाही. क्रिकेट खेळणाऱ्या पोराला निदान वारा तरी लागतो. बाहेरच्यांना वाटतं, 'टेबलाशी उभं राहून खेळायचा खेळ, त्यात कसली दमछाक!' त्यांना एकदा अशा हॉलमध्ये बसवा.

थकवा कुठे दिसतो तेही सांगतो. हात शेवटी थकतो, आधी गुडघे सरळ होतात. खेळाडू उंच उभा राहायला लागतो, चेंडू उशिरा आणि खाली भेटतो, टॉपस्पिन नेटमध्ये जातो. पालक ओरडतात, "लक्ष दे!" लक्ष असतंच. तुमच्या मुलीने अगदी नेमकं सांगितलं आहे.

आमच्या वेळी गेम २१ चा असायचा, सलग पाच सर्व्हिस एकाची. २००१ पासून गेम ११ चा झाला. गेम छोटे झाले, स्पर्धेचा दिवस मात्र तेवढाच लांब राहिला.

---

अन्नयात्री_वाशी | सोमवार, सकाळी ७.१०

मी आहारतज्ज्ञ आहे, वाशीत काम करते, खेळाडू मुलं बरीच बघते. जरा लांबलचक लिहितेय, सांभाळून घ्या.

आधी खेळ शरीराकडून काय मागतो ते बघू. टीटीतली रॅली सरासरी तीन-चार सेकंदांची. मग चेंडू उचलणं, पुसणं, सर्व्हिसची तयारी, यात त्याच्या दुप्पट वेळ जातो. त्या तीन-चार सेकंदांची ताकद स्नायूंत साठवलेल्या फॉस्फेटमधून येते आणि मधल्या वेळात श्वासातल्या ऑक्सिजनवर तो साठा पुन्हा भरतो. म्हणून ४०० मीटर धावणाऱ्यासारखे पाय आम्लाने भरून येत नाहीत. एकूण ऊर्जाही फार लागत नाही. ढोबळ हिशेब ताशी दर किलो वजनाला ४ किलोकॅलरी. ३८ किलोच्या मुलीला तासाला साधारण १५०. मल्टिबॉल (एकामागून एक भराभर चेंडू देऊन घेतलेला सराव) आणि फूटवर्कच्या दिवशी जास्त, पण तरी मॅरेथॉनवाल्यांचा आहार इथे चालवायचा नाही.

मग पाय का जात नाहीत? ताई, तुमच्या पोस्टमध्येच उत्तर आहे. आदल्या रात्री जेवलेली मुलगी दुसऱ्या दिवशी साडेअकरापर्यंत अर्ध्या ग्लास दुधावर होती. त्यात दोन मॅच झाल्या. त्यानंतर दोनदा तेल-तूप भरपूर असलेलं पोटात गेलं, जे पोटातून पुढे सरकायला तासन्‌तास लागतात. सव्वाचारला ती भरल्या पोटाने खेळली आणि सातला रिकाम्या पायांनी. खाणं कमी नव्हतं, ते चुकीच्या वेळी पडलं.

क्रीडा-पोषणात वापरतात ते आकडे असे. खेळाच्या एक ते चार तास आधी दर किलो वजनाला १ ते ४ ग्रॅम कार्ब्ज, म्हणजे पिठूळ आणि गोड पदार्थांतली कर्बोदकं. वेळ जितका कमी, आकडा तितका लहान. तुमच्या मुलीला तीन तास आधी ७५ ग्रॅमच्या आसपास पुरेत. म्हणजे तीन इडल्या, एक मध्यम केळं आणि साखर घातलेलं कपभर दूध. तासभर आधी असेल तर ३०-४० ग्रॅम. एक केळं आणि दोन खजूर झाले काम. अर्ध्या तासाच्या आत मॅच असेल तर फक्त दोन घास आणि घोटभर सरबत.

स्पर्धेत खरी अडचण ही की पुढची मॅच कधी हे कोणालाच ठाऊक नसतं. कागदावर साडेबारा, प्रत्यक्षात तीन. बाय मिळतो (न खेळता पुढच्या फेरीत), वॉकओव्हर होतो (समोरचा खेळायला येतच नाही), टेबल अचानक रिकामं होतं आणि नाव पुकारलं जातं. म्हणून मी माझ्याकडच्या मुलांना घड्याळ बघून खायला सांगतच नाही. मॅच संपली, हात मिळवले, स्कोअरशीट दिली की लगेच, पुढच्या मॅचची चौकशी करायच्या आधी, तीन-चार घास आणि पाणी. दरवेळी. जिंकली तरी आणि हरली तरी. मग पुढची मॅच वीस मिनिटांत असो की तीन तासांनी, टाकी कधी तळाला जात नाही. मध्ये मोठी पोकळी मिळाली तर तेव्हा नीट जेवण: वरण-भात, मऊ खिचडी, दही-पोहे. हॉटेलची पनीर भाजी सगळं संपल्यावर रात्री खुशाल खाऊ दे.

सकाळी टेन्शनने घास उतरत नाही ही तक्रार निम्मी मुलं करतात. त्यांना चावायला लावू नका. नाचणीची पातळ आंबील, केळं घुसळलेलं दूध, गुळाचं सत्तूचं पाणी असं पिण्यासारखं द्या. पण ते प्रॅक्टिसच्या दिवशी आधी चार-पाच वेळा देऊन बघा. स्पर्धेच्या दिवशी नवीन काहीही नको, कितीही पौष्टिक असलं तरी.

तुमच्या आईचा शिरा? तूप कमी घालून अगदी चालेल. रवा आणि साखर, दोन्ही उपयोगाचे. दोन-अडीच तास आधी एक वाटी.

---

टिकुजीनी | सोमवार, सकाळी ९.००

वाचनखूण साठवली. मुलगा बॅडमिंटन खेळतो, त्यालाही हेच सगळं लागू होतंय.

---

निशिगंध_नेरूळ | सोमवार, दुपारी १.३०

अन्नयात्री, मनापासून आभार. "मॅच संपली की चार घास" हे मी कागदावर लिहून तिच्या बॅगेला लावलंय. दोन प्रश्न आहेत. पाणी नक्की किती? आणि पावडरीचं काय करू? सर दर आठवड्याला विचारतात.

---

अन्नयात्री_वाशी | सोमवार, रात्री ९.४५

पाण्याचा आकडा मी सांगण्यापेक्षा तुम्हीच मोजा. स्वयंपाकघरातला नको, माणसांचा वजनकाटा घ्या. प्रॅक्टिसच्या आधी लघवीला जाऊन आल्यावर कमीत कमी कपड्यांत वजन, आणि प्रॅक्टिसनंतर घाम पुसून, कोरड्या कपड्यांत पुन्हा. जितकं वजन घटलं त्यात प्यायलेलं पाणी मिळवा, तेवढा घाम गेला. एक किलो म्हणजे साधारण एक लिटर. शरीराच्या वजनाच्या दोन टक्क्यांहून जास्त घट झाली तर खेळावर परिणाम होऊ लागतो. तुमच्या मुलीसाठी ती रेषा पाऊण किलोची. खेळानंतर दर किलो घटीमागे सव्वा ते दीड लिटर हळूहळू भरून काढायचं.

मॅचमध्ये दोन गेमच्या मध्ये एक मिनिट मिळतं, तेवढ्यात तीन-चार घोट. दर सहा गुणांनी टॉवेल घेता येतो, पण तो घामासाठी. तिथे पाणी पिण्याची घाई नको.

घाम फार जात असेल तर घरचं लिंबू सरबत कशालाही हार जाणार नाही. एक लिटर पाणी, १२ सपाट चहाचे चमचे साखर, पाव चमचा मीठ, एका लिंबाचा रस. साखर ५०-६० ग्रॅम होते, मीठ दीड ग्रॅमच्या आसपास. विकतच्या स्पोर्ट्‌स ड्रिंकमध्ये साधारण हेच प्रमाण असतं. कोकम आवडत असेल तर त्याच मापात कोकम. जास्त गोड केलं की ते पोटात पडून राहतं, म्हणून आगळाच्या बाटलीतून अंदाजाने ओतू नका. आणि हे मॅचच्या आगेमागेच प्यायचं. एरवी साधं पाणी, नाहीतर दातांची वाट लागते. ग्लुकोजची नुसती पावडर पाण्यात घातली की साखर मिळते, मीठ जवळपास नाही.

आता प्रोटीन. या वयाच्या नियमित खेळणाऱ्या मुलीला दिवसाला दर किलो १.२ ते १.६ ग्रॅम धरलं, तर ४५ ते ६० ग्रॅम. घरात काय होतं बघा: दोन ग्लास दूध १६, दोन अंडी १२, वाटीभर वरण ६, वाटीभर मटकीची किंवा चवळीची उसळ ८, चार पोळ्या १२, वाटीभर दही ४. झाले ५८. यात मासे, चिकन, शेंगदाणे, फुटाणे धरलेच नाहीत. पावडरीने तिच्या पायांना काहीही मिळणार नाही, ताई. तेच पैसे चांगल्या बुटांवर घाला.

---

कळवेकर | सोमवार, रात्री ११.०५

या शेवटच्या वाक्याशी मी पूर्ण सहमत नाही. माझा मुलगा १७ वर्षांचा, ६२ किलो, आम्ही शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. सकाळी कॉलेज, दुपारी जिम, संध्याकाळी अडीच तास टीटी. रात्री दहाला घरी येतो तेव्हा त्याच्यात चावायचीही ताकद नसते. व्हे प्रोटीनचा एक स्कूप दुधातून घेतो आणि दुसऱ्या दिवशी अंग दुखत नाही असं तोच सांगतो. घरचं खा म्हणणं सोपं आहे, ते खायला वेळ कोणाकडे आहे?

---

अन्नयात्री_वाशी | मंगळवार, सकाळी ७.००

कळवेकर, तुमच्या मुलाचं प्रकरण वेगळं आहे आणि मी तुमचं म्हणणं मान्य करते. ६२ किलो, जिम आणि टीटी दोन्ही, म्हणजे दिवसाला ९०-१०० ग्रॅमपर्यंत प्रोटीन. अंड्याशिवाय ते गाठायला दूध, पनीर, सोयाबीन, डाळी नेटाने खाव्या लागतात. सोया चंक्स कोरडे ५० ग्रॅम घेतले तर २५ ग्रॅम मिळतं, फुटाणे मूठभर घेतले तर ५-६. तरी कमी पडलं तर व्हे हा दुधातलाच एक भाग आहे, त्याला विष मानायचं कारण नाही.

माझी काळजी पावडरच्या डब्यात लेबलाबाहेरचं काय आहे याची आहे. सप्लिमेंटमध्ये लेबलवर नसलेले उत्तेजक किंवा स्टेरॉइड सापडल्याची उदाहरणं जगभर आहेत. तुमचा मुलगा राज्य किंवा राष्ट्रीय पातळीवर खेळत असेल तर नाडाची (राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेची) चाचणी होऊ शकते, आणि नियम असा की शरीरात जे सापडलं त्याची जबाबदारी खेळाडूची. "सरांनी दिलं होतं" हे उत्तर तिथे पुरत नाही. घ्यायचंच असेल तर स्वतंत्र प्रयोगशाळेत बॅच तपासलेलं घ्या, पावती आणि बॅच नंबर जपून ठेवा. ज्या माणसाला विक्रीतून पैसे मिळतात त्याच्या सल्ल्यावर घेऊ नका.

---

बालरोग_ऐरोली | मंगळवार, दुपारी ३.२०

मी बालरोगतज्ज्ञ आहे. वरचं सगळं वाचलं, पटलं. तीन गोष्टींची भर घालतो.

एक, १३ वर्षांची मुलगी "पाय जात नाहीत" म्हणते तेव्हा डब्याच्या आधी हिमोग्लोबिन बघा. या वयात १२ च्या खाली असेल तर ॲनिमिया. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींना ॲनिमिया आढळला. म्हणजे हॉलमध्ये खेळणाऱ्या दहा मोठ्या मुलींपैकी पाच-सहा जणींच्या रक्तात ऑक्सिजन वाहून न्यायलाच कमतरता. हिमोग्लोबिन ठीक असूनही लोहाचा साठा कमी असू शकतो, म्हणून फेरिटिनही करून घ्यावं. पाळी सुरू झाली असेल तर विशेष करून. पाळी सुरू होऊन मग थांबली किंवा फार अनियमित झाली तर "खेळते म्हणून होतं" असं समजून सोडू नका. पुरेसं न खाता जास्त खेळणाऱ्या मुलींमध्ये हे होतं आणि हाडं त्याची किंमत मोजतात. जेवणाबरोबर चहा बंद, उसळीवर लिंबू पिळायला लावा. लोहाच्या गोळ्या मात्र तपासणीशिवाय नकोत. इनडोअर खेळणाऱ्या, शाळा ते क्लास ते हॉल असं फिरणाऱ्या मुलांत ड जीवनसत्त्वही बरेचदा कमी सापडतं.

दोन, ओआरएस. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे लिटरमध्ये फक्त १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असतं. ते जुलाबावरचं औषध आहे. खूप घाम गेल्यावर चालतं, पण मॅचसाठी ऊर्जा त्यातून मिळत नाही. दुकानातली फळांच्या चवीची गोड पेयं ओआरएस या नावाने विकली जात होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) हे सूत्र न पाळणाऱ्या पेयांना ते नाव वापरायला मनाई केली. घेताना सूत्र वाचून घ्या.

तीन, खोकल्याचं औषध. टर्ब्युटालिन हे आपल्याकडच्या कित्येक कफ सिरपमध्ये असतं आणि ते वाडाच्या (जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या) यादीत कायम प्रतिबंधित आहे. सर्दीच्या गोळ्यांतल्या स्यूडोएफेड्रिनवर स्पर्धेच्या काळात मर्यादा आहे. ज्यांची मुलं राष्ट्रीय पातळीवर खेळतात त्यांनी डॉक्टरला हे आधी सांगावं आणि नाडाच्या 'नो युवर मेडिसिन'वर औषध तपासावं. उपचार थांबवायचे नाहीत, पर्यायी औषध जवळपास नेहमी मिळतं.

---

बॅकहँड_फ्लिक | मंगळवार, रात्री १०.५०

मी १९ वर्षांचा आहे, ठाण्यात खेळतो. एनर्जी ड्रिंकबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. बारावीच्या वर्षी एका मोठ्या मॅचआधी पूर्ण कॅन प्यायलो. सगळे पितात म्हणून. पहिल्या गेममध्येच हात थरथरत होता. माझी शॉर्ट सर्व्हिस हेच माझं हत्यार, समोरच्याच्या बाजूला टेबलावर दोन टप्पे पडतील अशी. त्या दिवशी प्रत्येक सर्व्हिस लांब जात होती आणि समोरचा ती उचलून मारत होता. रात्री तीनपर्यंत झोप नाही, दुसऱ्या दिवशी टीम इव्हेंटमध्ये डोळे चुरचुरत होते.

नंतर वाचलं की अशा पेयांत लिटरला १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफिनची मुभा आहे आणि लहान मुलांसाठी नाही असं कॅनवरच लिहिलेलं असतं. कॅफिन २००४ पासून प्रतिबंधित यादीत नाही, म्हणून सगळे बिनधास्त असतात. धावणाऱ्याला त्याचा फायदा होत असेलही. आपल्या खेळात रिसीव्हला मनगट हलकं लागतं. हॉलमध्ये अंडर-१३ ची मुलंही ते कॅन घेऊन फिरताना दिसतात तेव्हा फार वाईट वाटतं. पालकांनो, प्लीज लक्ष ठेवा.

---

घोडबंदरची_मावशी | बुधवार, दुपारी २.१५

सात वर्षं मुलाबरोबर हॉल-हॉल फिरलेय, म्हणून डब्याचं लिहिते. आकडे वरच्या लोकांनी दिलेत, मी वस्तू सांगते.

सगळ्यात आधी: तेलकट काही नको, आणि हे पोटासाठी नाही, रबरासाठी! वेफर्स, चिवडा, वडा खाल्लेल्या बोटांनी मुलं चेंडू उचलतात, बॅट पुसतात. रबराला तेल लागलं की ते चेंडू धरत नाही, स्पिन जातो. चांगलं रबर हजारोंचं असतं. म्हणून माझ्या पिशवीत कायम चमचे, ओला नॅपकिन आणि साबणाचा छोटा तुकडा. खाणं चमच्याने किंवा कोरडं.

दुसरं, आपल्या हवेत टिकणारं. ओल्या नारळाची चटणी सकाळी सहाला डब्यात भरली की अकराला आंबूस वास येतो. बटाट्याची ओली भाजीही नको. मी इडलीला पुडी चटणी लावून, अगदी थोडं तूप सोडून नेते. तांदळाचे घावन गुंडाळून, आत गूळ आणि किंचित वेलची. मेतकूट-भात मऊ शिजवून रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये, त्यावर मीठ-लिंबू; दुपारी दीडला गरम निघतो आणि तो घास पोराला घरी असल्यासारखा वाटतो. दही वेगळं, बर्फाच्या पिशवीत, आयत्या वेळी पोह्यांत कालवायचं. राजगिऱ्याच्या वड्या, खजूर, मनुका. कुरमुरे आणि फुटाणे बिनतेलाचे. केळी वेलची जातीची न्यावी, लहान असतात, एका वेळी एक संपतं. मोठं केळं अर्धं खाऊन उरलेलं काळं पडतं आणि मग टाकलं जातं. केळी बॅटच्या बॅगेत कधीही ठेवू नका. एकदा चेपली गेली आणि सगळं कव्हर धुवावं लागलं.

एका मोठ्या डब्याऐवजी पाच-सहा छोट्या डब्या. मॅच संपली की एक डबी उघडायची. मोठा डबा उघडला की एकतर सगळा संपतो नाहीतर अजिबात खाल्ला जात नाही. दिवस संपल्यावर किती डब्या उरल्या ते बघून मला कळायचं, मुलाचं कुठे चुकलं.

आणि हरल्यावर मूल खात नाही. तेव्हा समजावत बसू नका. डबी शेजारी ठेवा आणि पाच मिनिटं तिथून उठून जा. परत याल तेव्हा ती रिकामी असते.

सगळे राउंड संपले की मात्र आम्ही मामलेदारची मिसळ खायचो. हरलो असलो तरी.

---

संकष्टी | बुधवार, संध्याकाळी ६.००

मुलगी स्वतःहून संकष्टी करते, १५ वर्षांची आहे. पुढच्या स्पर्धेचा शनिवार नेमका संकष्टीला येतोय. ती सोडायला तयार नाही, मलाही तिची श्रद्धा मोडायची नाही. काय करू?

---

अन्नयात्री_वाशी | बुधवार, रात्री ८.३०

तिला फराळ चालत असेल तर उपास ठेवूनही खेळता येईल. साबुदाणा खिचडी टाळा. साबुदाणा चांगला, पण तूप आणि शेंगदाण्याच्या कुटाने ती जड होते. उकडलेलं रताळं, केळी, राजगिऱ्याच्या वड्या, खजूर, साखर-मीठ-लिंबाचं सरबत (उपासाला चालतं ते मीठ), ताक. निर्जळी असेल तर मात्र मी स्पष्ट नाही म्हणेन, बंद हॉलमध्ये ते धोक्याचं आहे. चंद्रोदय रात्री उशिरा असतो, तोवर ती दिवसभर खेळणार. पूर्वी आमच्याकडे रोजे ठेवणारा एक मुलगा होता. त्याच्या घरच्यांशी बोलून आम्ही त्या महिन्यात जड प्रॅक्टिस इफ्तारनंतर ठेवली होती. घरात बोलल्याने मार्ग निघतो.

---

पन्नाशीतला_चॉपर | गुरुवार, सकाळी ६.४५

मुलांच्या धाग्यात मोठ्यांचा प्रश्न. मी ५४, टाइप २ मधुमेह, गोळ्या चालू. ऑफिसहून थेट क्लबात जातो, रात्री साडेआठ ते दहा खेळतो. परवा तिसऱ्या गेममध्ये घाम फुटला, हात कापले, टेबल धूसर दिसलं.

---

बालरोग_ऐरोली | गुरुवार, सकाळी ८.१०

आधी खेळ थांबवा आणि तुमच्या डॉक्टरांना आजच भेटा. काही गोळ्यांवर, विशेषतः सल्फोनिलयुरिया गटातल्या, खेळताना साखर खूप खाली जाऊ शकते. पण छातीचंही बघायला हवं, म्हणून ईसीजी टाळू नका. खेळायला परवानगी मिळाली की आधी साखर मोजून उतरा. ७० च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यात घेऊन १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. खिशात साखर हवी आणि सोबत खेळणाऱ्यांना हे माहीत हवं.

---

पन्नाशीतला_चॉपर | गुरुवार, रात्री ९.३०

आजच जाऊन आलो. ईसीजी ठीक. गोळी बदलली, पंधरा दिवस खेळ बंद. मनापासून धन्यवाद, डॉक्टर.

---

निशिगंध_नेरूळ | तीन आठवड्यांनंतर, रविवार, रात्री ११.३०

सगळ्यांना सांगायचं राहून जाऊ नये म्हणून आत्ताच लिहितेय.

रक्त तपासलं. हिमोग्लोबिन १०.८, फेरिटिनही कमी. डॉक्टरांनी औषध सुरू केलंय, तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. गेलं वर्षभर मी तिला "आळस झटक" म्हणत होते, त्याचं फार वाईट वाटतंय. वजनाचा प्रयोगही केला. दोन तासांच्या प्रॅक्टिसमध्ये ६०० ग्रॅम घट, त्यात ३०० मिली पाणी प्यायलेली, म्हणजे ९०० मिली घाम. माझा विश्वासच बसेना, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजलं, जवळपास तेवढंच आलं.

पावडर घेतली नाही. सरांना नीट बसून हिशेब दाखवला. ते थोडे नाराज झाले, पण खेळ शिकवण्यात काही फरक पडला नाही, याचं समाधान आहे.

आज वाशीत स्पर्धा होती. सकाळी नाचणीची आंबील प्यायली. आधी दोन आठवडे प्रॅक्टिसला देऊन बघितली होती. मावशी, सहा डब्या नेल्या होत्या, चार संपल्या. दुपारी मेतकूट-भात. सरबत एक लिटर, पाणी दीड लिटर. शेवटची मॅच पावणेसातला, क्वार्टर फायनल, पाच गेमपर्यंत गेली. पाचव्यात ९-११ ने हरली. ती मुलगी खरंच चांगली खेळली. बाहेर आली, माझ्याकडे न बघता डबीतली राजगिऱ्याची वडी तोंडात टाकली आणि म्हणाली, "नऊ-ऑलला मी लांब सर्व्हिस करायला नको होती." पायांबद्दल एक शब्दही नाही.

पुढच्या महिन्यात पुन्हा ठाण्यात खेळायचंय, त्याच हॉलमध्ये. कूलरचं काय झालं, कुणाला माहीत आहे का?

---

जुना_पेनहोल्डर | सोमवार, सकाळी ६.२०

ताई, नऊ-ऑलला कुठली सर्व्हिस करायची याचा विचार संध्याकाळी पावणेसातला करतेय ना पोर, मला फार बरं वाटलं. आमच्या ठाण्याची मधुरिका पाटकर २०१८ ला गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या महिला संघात होती. ती बातमी आली तेव्हा आम्ही म्हाताऱ्यांनी क्लबात पेढे वाटले होते. तुमच्या लेकीला हे सांगा.

कूलर अजून बंदच आहे, काल विचारून आलो. आयोजकांना लेखी पत्र दिलंय. तोवर आम्ही क्लबातले चौघं मिळून वीस लिटरचे तीन जार आणणार आहोत, दोन्ही दिवस. सकाळी साडेसातला दाराशी असेन. ग्लास घरून आणा.

---

घोडबंदरची_मावशी | सोमवार, सकाळी ८.०५

चौथा जार माझ्याकडून. लिंबं आणि मीठही आणते, साखर कोणीतरी आणा.

---

कळवेकर | सोमवार, सकाळी ८.४०

साखर माझ्याकडे. दोन किलो पुरेल ना?